सावध खेळ म्हणजे भित्रा खेळ नव्हे : खालिद जमील, मुंबई एफसी आणि पांगणारे संघ

चंद्रपूरच्या परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा ही दरवाज्यांची नावे गावातल्या कोणालाही पाठ असतात. खिडक्यांची नावे सांगताना मात्र हनुमान, विठोबा, बगड, मसण इथवर येऊन माणूस थोडा थांबतो आणि मग त्याला चोर खिडकी आठवते. तट उभारणाऱ्याला एवढे पक्के ठाऊक असते की नुसत्या भिंतीने गाव वाचत नाही. आतल्यांना वेळ साधून बाहेर पडता आले पाहिजे, आणि कोणती खिडकी केव्हा उघडायची हे पहाऱ्यावरच्या माणसाला दर वेळी सांगावे लागू नये, इतका तो त्या जागेत मुरलेला असला पाहिजे.

हा धागा किल्ल्यांचा नाही, फुटबॉलचा आहे. पण भिंत, खिडकी आणि मुरलेला पहारेकरी या तीन गोष्टी ध्यानात ठेवून वाचला तर पुढचे प्रतिपादन सोपे जाईल.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि चंद्रपूर-गडचिरोलीपासून कोलकात्यापर्यंत मोबाइलवर सामने पाहणाऱ्या तरुणांमध्ये एक जुनाच शेरा नव्याने फिरू लागला : हा माणूस भित्रा फुटबॉल खेळवतो. मागे माणसे दाटवायची, चेंडू लांब भिरकवायचा, एखादा कॉर्नर किंवा फ्री किक मिळाली तर गोल करायचा आणि उरलेला वेळ रेटायचा. वर्णन अगदीच खोटे नाही. पण वर्णन आणि निदान यांत फरक असतो. सावध खेळ हा प्रशिक्षकाच्या स्वभावातून येतो असे समजणे म्हणजे तापाला रोग समजणे होय. तो कोठून येतो, याचे उत्तर मुंबई, गोवा आणि मिझोराम यांच्या गेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या इतिहासात आहे, आणि ते खेळाडूंच्या ये-जा करण्याशी बांधलेले आहे.

आधी थोडे बाहेरचे. १९३० च्या दशकात कार्ल रापान हा ऑस्ट्रियन प्रशिक्षक स्वित्झर्लंडमध्ये सर्व्हेट या संघाला शिकवीत होता. त्याचे खेळाडू अर्धवेळ व्यावसायिक होते. समोरचे काही संघ पूर्णवेळ सराव करणारे, अधिक दमदार. माणसास माणूस भिडवून जिंकणे शक्य नव्हते. म्हणून त्याने एक बचावपटू सर्वांच्या मागे ठेवला आणि फळ्या मागे ओढल्या. या रचनेला जे नाव मिळाले त्याचा अर्थ अडसर असा होतो. १९३८ च्या विश्वचषकात याच रापानच्या स्विस संघाने जर्मनीला फेरसामन्यात ४-२ असे हरवले. पुढे इटलीत हीच कल्पना नेरेओ रोक्को याने त्रिएस्तिनासारख्या लहान क्लबात रुजवली. १९४७-४८ च्या हंगामात तो संघ इटलीच्या अव्वल साखळीत दुसऱ्या स्थानापर्यंत गेला. तिथे या पद्धतीचे नाव पडले दाराची कडी. म्हणजे ज्याला पुढे श्रीमंत मिलान शहराशी जोडून बदनाम केले गेले, ते शस्त्र मुळात गरिबाघरचे.

गडचिरोलीच्या वाचकाला यात नवल वाटू नये. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके कंपनी सरकारविरुद्ध उठले तेव्हा त्यांनी उघड्या मैदानात रांगा धरल्या नाहीत; डोंगर आणि जंगल पाठीशी घेऊन लढा दिला. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपुरात त्यांना फाशी झाली. त्यांच्या लढण्याच्या रीतीला कोणी भित्रेपणा म्हणत नाही. प्राणांची लढाई आणि खेळाचे मैदान यांची तुलना याहून पुढे ताणू नये. पण थोडक्या बळाने अधिक बळाशी झुंजणारा आडोसा शोधतो, हे तत्त्व दोन्हीकडे एकच.

आता मुंबई. या शहरातील फुटबॉल दीर्घकाळ नोकरीच्या आधाराने जगला. टाटा, मफतलाल, एअर इंडिया, रेल्वे, पोलीस : खेळाडू संघात असे तो हजेरीपटावर असल्यामुळे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा याच मुंबईचे, टाटांच्या संघातले. पगार मोठा नव्हता, पण खेळाडू एका जागी राहत असे. तेच अकरा जण वर्षानुवर्षे एकमेकांच्या सवयी पाहत. कोलकात्यात बदल्यांच्या मोसमात जे नाट्य चाले, ते मुंबईत क्वचित. आणि त्या नाट्यातही जाणत्यांना एक गोष्ट कळत होती. १९८५ मध्ये कृशानू डे मोहन बागान सोडून ईस्ट बंगालमध्ये गेले ते एकटे नव्हे, विकास पांजी यांच्यासह. एकाच्या पासाला दुसऱ्याची धाव ठाऊक होती. ती ओळख विकत घ्यायची तर जोडीच विकत घ्यावी लागे.

इथे या धाग्याचे मुख्य म्हणणे येते. बचावाची रचना काही आठवड्यांत शिकवता येते. दोन फळ्यांतील अंतर किती, चेंडू डावीकडे गेला की कोणी सरकायचे, कॉर्नरला कोणाला धरायचे : हे नियम आहेत, आणि नियम पाठ होतात. हल्ल्याचे तसे नाही. न पाहता टाकलेला पास आणि त्या पासाच्या आधीच सुटलेली धाव यांना नियम पुरत नाही, सहवास लागतो. ज्या संघातील माणसे दर हंगामाला बदलतात, त्याच्यापाशी सहवास नसतो. मग प्रशिक्षक जे शिकवता येते तेच शिकवतो. लोक त्याला सावध म्हणतात.

याची उलट बाजू गोव्यात दिसते. धेंपो क्लबने २००४-०५ ते २०११-१२ या आठ हंगामांत पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवले. दोन राष्ट्रीय फुटबॉल लीगची, तीन आय-लीगची. पाचही वेळा प्रशिक्षक एकच, आर्मांदो कुलासो. क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी, पुढे नायजेरियाचे रँटी मार्टिन्स आणि ब्राझीलचे बेटो; नावे येत गेली, पण गाभा टिकला. यांतील काही जण आधी कोलकात्याला जाऊन आले होते, आणि परत येऊन स्थिरावले. धेंपो जमिनीवरून, छोट्या पासांनी, पुढे जाऊन खेळत. २००८ मध्ये हा संघ एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. कुलासो धाडसी होते म्हणून धेंपो असे खेळले, असे म्हणण्याची पद्धत आहे. त्याहून सरळ कारण असे की त्यांना त्याच मुलांना घेऊन आठ वर्षे मिळाली, आणि खाण उद्योगातून उभ्या राहिलेल्या घराण्याचा पैसा त्या मुलांना रोखून धरायला पुरेसा होता.

मुंबईत असे धरून ठेवणारा क्लब होता महिंद्रा युनायटेड. २००५-०६ मध्ये डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने राष्ट्रीय लीग जिंकली, त्याच हंगामात फेडरेशन चषकही. परेरा गोव्याचे, स्वतः बचावपटू. त्यांचा संघ शिस्तीचा होता, पण पुढे युसूफ याकुबूसारखा गोल करणारा माणूस होता. खिडकी केव्हा उघडायची हे त्या संघाला कळत होते. २०१० मध्ये कंपनीने वरिष्ठ संघ बंद केला. २०१३ मध्ये परवान्याच्या अटी पूर्ण न झाल्याने एअर इंडिया आणि ओएनजीसी आय-लीगबाहेर गेले. तीन वर्षांत मुंबईचे तीन संघ अव्वल श्रेणीतून नाहीसे झाले. किती घरांतील पगार आणि किती मुलांची दिशा त्यात बदलली, याची मोजदाद कोणी ठेवलेली दिसत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी करावे असे हे काम आहे.

आय-लीगमध्ये उरला मुंबई एफसी. २००७ मध्ये स्थापन झालेला, पिवळ्या गणवेशाचा, बेताच्या पैशांचा. खालिद जमील महिंद्रा आणि एअर इंडियाकडून खेळलेले मधल्या फळीचे खेळाडू; दुखापतींनी त्यांची कारकीर्द आखूड केली. अखेरीस ते मुंबई एफसीत आले आणि २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याच क्लबचे प्रशिक्षक झाले. पुढील सात हंगाम ते तिथे होते. या सात हंगामांत मुंबई एफसीने काही जिंकले नाही. तो फक्त खाली घसरला नाही.

‘फक्त’ हा शब्द इथे जपून वाचावा. कूपरेजच्या मैदानाचे काम चालू असताना हा संघ ‘घरचे’ सामने पुण्याला बालेवाडीत जाऊन खेळत असे. चांगला खेळ करणारा मुलगा हंगाम संपताच गोव्याचा किंवा कोलकात्याचा रस्ता धरी. २०१४ पासून आणखी एक घोळ सुरू झाला. इंडियन सुपर लीग शरद ऋतूत दोन-अडीच महिने चाले, आय-लीग त्यानंतर. आणि आय-लीगचे खेळाडू उसनवार कराराने सुपर लीगच्या संघांत जात. मुंबईचा जयेश राणे याचे उदाहरण घ्यावे : सुपर लीगमध्ये चेन्नईयनकडून मार्को मातेराझ्झी यांच्या हाताखाली, आणि आय-लीगमध्ये मुंबई एफसीत जमील यांच्या हाताखाली. एका वर्षात दोन प्रशिक्षक, दोन भाषा, दोन रचना. अशा वेळी संघ एकत्र जमून सरावाला मिळणारे दिवस थोडे. त्या थोड्या दिवसांत जमील यांनी जे बांधता येते ते बांधले. भिंत.

२०१५-१६ च्या हंगामानंतर क्लबने त्यांच्याशी फारकत घेतली. नवा, अधिक मोकळा खेळ हवा, असा सूर तेव्हा सर्वत्र होता.

पुढचे वर्ष भारतीय फुटबॉलच्या इतिहासातील सर्वांत विचित्र वर्षांपैकी एक. २०१६ मध्ये महासंघाच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या गोव्याच्या तीन क्लबांनी आय-लीग सोडली. त्याच्या आदल्या हंगामात मिझोरामचा ऐझॉल एफसी खालच्या श्रेणीत घसरला होता. वास्तविक तळाला होता पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स. पण त्याला थेट प्रवेश देताना घसरणीपासून संरक्षण मिळाले होते, म्हणून कुऱ्हाड त्याच्या वरच्या ऐझॉलवर कोसळली. गोव्याचे क्लब गेल्यावर जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला परत बोलावण्यात आले. या परत बोलावलेल्या संघाने मुंबईने सोडलेल्या प्रशिक्षकाला नेमले. जमील एकटे गेले नाहीत. जयेश राणे आणि आशुतोष मेहता त्यांच्यासोबत मुंबईहून ऐझॉलला गेले. कृशानू-विकास जोडीचीच ही वेगळी आवृत्ती : प्रशिक्षकाने आपली भाषा जाणणारी माणसे बरोबर नेली, म्हणजे उरलेल्यांना ती शिकवायला घरातच शिक्षक मिळाले. बाकी संघात मिझो तरुण होते, लहानपणापासून एकमेकांबरोबर आणि एकमेकांविरुद्ध खेळलेले. शिवाय सीरियाचे महमूद अल अमना, मधल्या फळीतून चेंडू उकलणारे.

२०१६-१७ च्या हंगामात ऐझॉलने १८ सामन्यांत ३७ गुण मिळवले, मोहन बागानने ३६. ऐझॉलचे गोल २४. त्यांच्या खाली राहिलेल्या मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि बंगळुरू या तिन्ही संघांनी त्यांच्याहून अधिक गोल केले होते. २२ एप्रिल २०१७ रोजी घरच्या मैदानावर मोहन बागानविरुद्धचा निर्णायक सामना ते १-० असे जिंकले. उशिरा मिळालेला गोल, बचावपटू झोमिंगलियाना राल्टे याच्या डोक्याने. ३० एप्रिलला शिलाँग लाजाँगशी १-१ अशी बरोबरी पुरेशी ठरली. ईशान्येकडील क्लबने देशाचे विजेतेपद मिळवण्याची ती पहिली वेळ.

त्याच तक्त्यात सर्वांत तळाशी होता मुंबई एफसी. ज्या माणसाने सात वर्षे घसरण रोखली तो गेला, आणि त्यानंतरच्या पहिल्याच हंगामात क्लब घसरला. देशाच्या अव्वल फुटबॉलमध्ये तो परतला नाही. भित्र्या खेळाची किंमत किती, हे मुंबईला ती गमावल्यावर कळले.

ऐझॉलचे पुढे काय झाले? विजेता संघ काही महिन्यांत पांगला. प्रशिक्षक आणि अल अमना ईस्ट बंगालला गेले, राणे-मेहता सुपर लीगच्या संघांकडे. ते यश ऐझॉलला पुन्हा लाभले नाही. जमील यांनाही कोलकात्यात पहिल्याच फटक्यात लाभले नाही.

सहवास लागतो हे खरे असेल, तर तो विकत घेता येत नाही का? येतो, पण घाऊक घ्यावा लागतो, आणि ते सर्वांना परवडत नाही. २०१९-२० मध्ये सर्जियो लोबेरा यांनी घडवलेल्या एफसी गोवाने साखळी फेरीत १८ सामन्यांत ४६ गोल केले. लोबेरा हंगाम संपण्याआधीच दूर झाले आणि पुढच्या हंगामासाठी मुंबई सिटीत आले. त्यांच्यामागोमाग अहमद जाहू, ह्यूगो बुमू, मूर्तदा फाल आणि गोव्याचा मंदार राव देसाई हेही आले. बचावातील खांब, मधला सूत्रधार, त्याच्या पुढचा कल्पक माणूस आणि डावी बाजू : अख्खा कणा उचलून आणला गेला. त्याआधी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या समूहाने मुंबई सिटीत मोठा हिस्सा घेतला होता. २०२०-२१ मध्ये मुंबईने साखळी आणि करंडक दोन्ही जिंकले, आणि दोन्ही वेळा निर्णायक सामन्यात समोर होता आंतोनियो हबास यांचा सावध, पाचजणांची भिंत बांधणारा एटीके मोहन बागान. फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात बिपिन सिंगने अगदी शेवटी गोल करून तो २-१ असा संपवला.

या हंगामाचा दाखला देऊन मोकळ्या खेळाचा विजय साजरा केला जातो. पण मोकळेपणा आला कोठून हे पाहिले पाहिजे. मुंबईच्या खेळाडूंनी पहिल्या दिवसापासून धाडस दाखवले, कारण त्यांच्या मधोमध तीन हंगामांची ओळख तयार बसलेली होती. शिवाय त्या साखळीत कोणीही खाली घसरत नव्हते. घसरणीची भीती नसलेल्याच्या धाडसाची तुलना मुंबई एफसीच्या सावधपणाशी करणे हे पाटलाच्या वाड्यात बसून कुळाला काटकसरी म्हणून हिणवण्यासारखे आहे.

मोकळ्या खेळाचे खरे शुद्ध उदाहरण पैशाचे नाहीच. २५ मे १९६७ रोजी लिस्बनमध्ये हेलेनियो हरेरा यांच्या इंटर मिलानने, म्हणजे कडी लावणाऱ्यांतील सर्वांत नामांकित संघाने, पेनल्टीवर पहिला गोल केला आणि दार बंद केले. सेल्टिकने हल्ल्यामागून हल्ले करीत ते २-१ असे फोडले. त्या सेल्टिक संघातील अकराही खेळाडू ग्लासगोपासून तीस मैलांच्या आत जन्मलेले होते. गावाची पोरे. खेळाडूंची ये-जा नसलेल्या संघाचा याहून स्वच्छ दाखला मिळणे कठीण.

अर्थात भिंतीच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. चांद्याचा तट मे १८१८ मध्ये कर्नल अ‍ॅडम्स यांच्या तोफांपुढे दोन आठवडेही टिकला नाही. जमील यांच्या बाबतीतही हे दिसले. २०२५ च्या जुलैत सुपर लीग आयोजकांनी पुढचा हंगाम स्थगित केला. खेळाडूंना सामने नव्हते, काहींच्या करारांचे भवितव्य अधांतरी होते. अशा संघाला घेऊन ते ऑगस्टअखेर मध्य आशियातील स्पर्धेला गेले. तिच्यासाठी मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नव्हते. तरी ताजिकिस्तानला २-१ हरवले आणि तिसऱ्या स्थानासाठी ओमानला पेनल्टींवर. सावध खेळ कामी आला. ९ ऑक्टोबरला सिंगापुरात दहा जणांनिशी १-१ बरोबरी साधली. तीही कामी आली. पण १४ ऑक्टोबरला फातोर्ड्यात जिंकणे आवश्यक होते. लालियानझुआला छांगतेने चौदाव्या मिनिटाला गोल केला, संघ सवयीने मागे सरकला, आणि मध्यंतराआधी एक व नंतर एक असे दोन गोल खाऊन १-२ हरला. आशियाई चषकाची वाट तिथे बंद झाली. त्या संध्याकाळी दुसरा गोल शोधायला जी ओळख लागते ती या अकरा जणांत नव्हती. दोष द्यायचाच तर तो मागे सरकण्याच्या निर्णयाला काही अंशी द्यावा. आघाडी मिळाल्यावर निदान एक खिडकी उघडी ठेवायला हवी होती. पण ज्या खेळाडूंना महिनोन् महिने साखळीचा सामना मिळाला नव्हता, त्यांच्याकडून धेंपोच्या आठ वर्षांची अपेक्षा करणे हा न्याय नव्हे.

१८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशाकडून ०-१ असा पराभव झाला. त्या दिवशी भारताच्या अव्वल साखळीचा हंगाम अजून सुरू झालेला नव्हता.